आफ्रिकनाइज्ड माश्यांच्या भागात पहिली पेटी घेताय? मग विचारायचं कुणाला ते आधी ठरवा

मी दक्षिण ॲरिझोनात राहतो, इथे बाहेर आफ्रिकनाइज्ड माश्या आहेत, म्हणजे आफ्रिकन आणि युरोपियन माशीचा तापट संकर. पहिल्या वर्षी सगळं मधमाशीपालन व्हिडिओ बघून शिकलो आणि ते व्हिडिओ बहुतेक थंड राज्यांतले, कुणी व्हर्मॉन्टचा कुणी मिशिगनचा, अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, हातात ग्लोव्हज नाहीत, फ्रेम उचलतोय आणि माश्या आपल्या कामात गुंग. म्हटलं एवढं सोपं असतं होय. एप्रिलपर्यंत खरंच सोपं होतं, कारण पेटीतली राणी विकत आणलेली, शांत वाणाची. जुलैमध्ये एक दिवस झाकण सरकवलं आणि दहा सेकंदांत तोंडावरच्या जाळीवर एवढ्या माश्या बसल्या की समोरचं दिसेना, मी स्मोकर, म्हणजे माश्या शांत करायचा धुराचा डबा, तिथेच टाकून घरात पळालो तर त्या मागच्या दारापर्यंत आल्या आणि बराच वेळ काचेवर आपटत राहिल्या. शेजारच्या कुत्र्याला दोन डंख बसले ते वेगळंच.

नंतर इथल्या क्लबमधले एक म्हातारे मधपाळ आले, त्यांनी पेटी उघडून पहिला प्रश्न विचारला, राणीवर रंगाचा ठिपका होता ना, तो कुठाय? ठिपका नव्हताच. माझी राणी कधीच गेली होती, माश्यांनी नवी तयार केली होती, ती उडून बाहेरच्या नरांशी जुळून आली होती आणि इथले बाहेरचे नर म्हणजे बऱ्यापैकी आफ्रिकनाइज्ड. व्हिडिओवाल्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, पण ते त्याच्या गावापुरतं खरं होतं.

तेव्हा माश्या कशा पाळायच्या ते मी इथे सांगत नाहीये, ते शिकवणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. ते लोक कुठे सापडतात, कुणाला कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला सल्ला आपल्या कामाचा नाही हे कसं ओळखायचं, तेवढंच सांगतो.

पायरी १ – आपण नकाशावर कुठे आहोत ते बघा

बाकी सगळं यावर अवलंबून आहे म्हणून थोडा इतिहास. १९५६ मध्ये ब्राझीलचे जनुकशास्त्रज्ञ वॉरविक केर यांनी आफ्रिकेतून राण्या आणल्या, कारण युरोपातून आणलेल्या माश्या तिथल्या गरम हवेत धड मध देत नव्हत्या, तर आफ्रिकन माशीचा चिवटपणा आणि युरोपियन माशीचा शांतपणा एकत्र करू असा विचार. १९५७ मध्ये साओ पावलो राज्यातल्या रिओ क्लारोजवळून २६ थवे राण्यांसकट निसटले, पेटीच्या दारावर राणी अडवायला लावलेली जाळी कुणीतरी काढून टाकली होती. त्यानंतर ही संकरित माशी वर्षाला साधारण ३०० ते ५०० किलोमीटर सरकत राहिली आणि ऑक्टोबर १९९० मध्ये टेक्सासच्या हिडाल्गोजवळ अमेरिकेत सापडली. १९९३ ला ॲरिझोना, १९९४ ला कॅलिफोर्निया, १९९० च्या दशकाच्या शेवटी नेवाडा, पुढे फ्लोरिडा.

म्हणजे तुम्ही दक्षिण टेक्सास, न्यू मेक्सिकोचा खालचा भाग, ॲरिझोना, दक्षिण नेवाडा, दक्षिण कॅलिफोर्निया किंवा दक्षिण फ्लोरिडात असाल तर पेटीबाहेरचा प्रत्येक नर आफ्रिकनाइज्ड असू शकतो असं धरूनच चाला. उत्तरेत कडक थंडी पडते तिथे ही माशी टिकत नाही, फारसा मध साठवत नाही, पोळ्यात गोळा करून ऊब धरणं तिला युरोपियन माशीइतकं जमत नाही. एकाच राज्यात पण फरक असतो, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोचं उत्तर वेगळं आणि ओरेगॉनच्या सीमेवरचं वेगळं, म्हणून राज्य नाही, कौंटी विचारा.

एक गोंधळ इथेच मिटवतो. आपल्यापैकी बरेच जण ही म्हणजे आपली आग्या माशी असं समजतात. ती वेगळी जात आहे, एपिस डॉर्साटा, उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवणारी. आफ्रिकनाइज्ड माशी एपिस मेलिफेराच आहे, पेटीत राहणारी, तुम्ही विकत घेताय त्याच जातीची, म्हणून तर ती त्यांच्यात बेमालूम मिसळते.

पायरी २ – कौंटीचं एक्स्टेन्शन ऑफिस शोधा

अमेरिकेत ही एक भारी सोय आहे आणि नव्या लोकांना तिचा पत्ताच नसतो, मलाही नव्हता. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यापासून प्रत्येक राज्याच्या लँड-ग्रँट विद्यापीठाने शेतीचं ज्ञान लोकांपर्यंत पोचवायचं असं ठरलेलं आहे, त्या व्यवस्थेला कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन म्हणतात. बहुतेक कौंट्यांना त्यांचं ऑफिस किंवा निदान ठरलेला माणूस असतो, तुम्ही शेतकरी असायची गरज नाही, मागच्या अंगणात एक पेटी असली किंवा अजून नसली तरी फोन करता येतो आणि फोनवर विचारायचे पैसे पडत नाहीत.

सर्चमध्ये तुमच्या कौंटीचं नाव, एक्स्टेन्शन आणि हनी बी एवढं टाका, आणि रिझल्टमध्ये विद्यापीठाचे म्हणजे डॉट ई डी यू वाले आणि सरकारचे डॉट गव्ह वाले आधी उघडा. ॲरिझोनात युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोना, टेक्सासमध्ये टेक्सास ए अँड एम ॲग्रीलाइफ, फ्लोरिडात गेन्सव्हिलची युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा, त्यांची मधमाशांची स्वतंत्र लॅब आहे आणि बी कॉलेज नावाने त्यांचे वर्ग भरतात. कॅलिफोर्नियात यूसी डेव्हिस, तिथून कॅलिफोर्निया मास्टर बीकीपर प्रोग्रॅम चालतो, तो पूर्ण करायचा नसला तरी त्यांचे सुरुवातीचे वर्ग बघा. टुसॉनमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचं कार्ल हेडन बी रिसर्च सेंटर आहे, आफ्रिकनाइज्ड माशीवरचं बरंच संशोधन तिथूनच आलंय. ते संशोधन केंद्र आहे, हेल्पलाइन नाही, त्यामुळे तुमच्या पेटीत मुंग्या झाल्या म्हणून त्यांना फोन करू नका, पण त्यांचं लिखाण वाचा.

फोनवर एवढंच विचारा की आमच्या कौंटीत आफ्रिकनाइज्ड माशी वस्तीला आहे का, इथे पेटी ठेवायची तर तुमची काही माहितीपत्रकं आहेत का, आणि जवळचा क्लब कुठला. तिसरा प्रश्न विसरू नका.

पायरी ३ – वाचताना चाळणी लावा

या विषयावर घाबरवणारं लिखाण भरपूर आणि त्याच्या उलट टोकाला अहो काही नसतं हो असं म्हणणारं पण भरपूर. किलर बीज हे नाव पेपरवाल्यांचं. खरं काय ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढे वाचताना तुम्हालाच कळेल कोण फेकतंय.

एका डंखाचं विष युरोपियन माशीपेक्षा जास्त नसतं. फरक संख्येत आहे. युरोपियन पेटीतून दहा-वीस माश्या अंगावर येतील तिथे हिच्यातून शेकड्यांनी येतात, लवकर येतात आणि लांबपर्यंत येतात, चारशे मीटर किंवा जास्तही. डंख मारला की नांगी मागे राहते आणि तिच्यातून इशाऱ्याचा वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, त्या वासावर बाकीच्या येतात. पेटीजवळ केळ्याचा वास आला की समजा आज काम बंद.

नुसतं बघून ओळखता येत नाही. आकाराने थोडी लहान असते पण ते डोळ्याला कळण्याइतकं नाही, आणि रंगाचा तर काहीच संबंध नाही. मी फोटो पाठवतो सांगा आफ्रिकनाइज्ड आहे का, असं विचारणारे रोज असतात, आणि फोटो बघून छातीठोक उत्तर देणारेही असतात, त्या दुसऱ्यांपासून लांब राहा. खरी तपासणी पुढच्या पंखाची लांबी मोजून होते, ती झटपट चाळणीची पद्धत, पुढे शरीराच्या बऱ्याच भागांची मापं घेऊन, नाहीतर डीएनएवरून. त्यातही माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे त्यावरून आईची बाजू कळते, बापाची नाही, आणि तुमच्या अंगणात बिघडते ती नेमकी बापाची बाजू. तेव्हा रिपोर्ट आला तर कुठली तपासणी केली ते विचारा. तपासणी कोण करतं ते राज्याचं कृषी खातं सांगेल, पण खरं सांगू का, घरगुती मधपाळाला बहुतेक वेळा रिपोर्टची गरजच नसते, पेटी तापट असेल तर राणी बदलायची, मग तिचे पूर्वज कुठले का असेनात.

तिसरी गोष्ट म्हणजे ही माशी सगळीकडे सारखी नाही. ब्राझीलच्या मधपाळांनी हिच्यासोबत काम करायची रीत बसवली आणि आज तिथला मध हिच्याच जिवावर जगभर जातो. प्युर्टो रिकोत १९९४ मध्ये ती पोचली आणि काही वर्षांत तिथली वसाहत बरीच शांत झाली, त्यावर संशोधन झालंय. म्हणून प्युर्टो रिकोच्या माणसाने सांगितलं की आमच्याकडे उघड्या हाताने चालतं तर तो खोटं बोलत नाहीये, फक्त टुसॉनमध्ये ते करू नका.

माझी चाळणी आता अशी आहे की लेख असो व्हिडिओ असो, आधी सांगणारा कुठल्या भागातला ते शोधतो, मग कधीचं आहे ते बघतो कारण व्हॅरोआच्या, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या कोळ्याच्या, औषधांबद्दलचा दहा वर्षांपूर्वीचा सल्ला आज चुकीचा असू शकतो, आणि मग बघतो की शेवटी काही विकतोय का. विकत असला तरी हरकत नाही, पण मग दुसरीकडे पडताळून घेतो. भाग सांगितलेलाच नसेल तर वाचत नाही, इतकं कडक झालोय मी.

पायरी ४ – पेटीच्या आधी क्लब

सगळ्या पायऱ्यांत हीच मोठी आहे. एक्स्टेन्शनवाला फोनवर बोलेल, पत्रक देईल, पण जुलैच्या दुपारी तुमच्या अंगणात येऊन झाकण उघडणार नाही. ते करणारा माणूस क्लबात भेटतो.

मधपाळांचे क्लब इथे फार जुने आहेत, लॉस एंजेलिस कौंटीचा १८७३ चा, टेक्सासची राज्य संघटना १८८० ची. फिनिक्स भागात सेंट्रल ॲरिझोनाच्या मधपाळांची संघटना आहे, सॅन डिएगोत सोसायटी आहे, लहान गावात महिन्यातून एकदा लायब्ररीच्या हॉलमध्ये जमणारे दहा-बारा जण असतात आणि कधीकधी तेच सगळ्यात कामाचे. वर्गणी साधारण किरकोळ असते आणि पहिल्या मीटिंगला बहुतेक ठिकाणी असंच जाऊन बसता येतं.

हिवाळ्यात जा. का, तर माश्यांच्या ऑर्डरी तेव्हाच बुक होतात आणि वसंतात मिळतात, शिवाय थंडीत लोकांना बोलायला वेळ असतो. एप्रिलमध्ये कुणालाच वेळ नसतो, थवे पकडत फिरत असतात.

गेल्यावर मागच्या रांगेत गप्प बसू नका आणि लगेच मी कुठली पेटी घेऊ हे पण विचारू नका, त्या प्रश्नाला दहा मधपाळ अकरा उत्तरं देतात. विचारायचं ते असं की तुमच्यापैकी माझ्या भागात कुणाच्या पेट्या आहेत, तुम्ही राणी कुठून आणता, वर्षातून किती वेळा बदलता, तापट पेटी झाली तर काय करता. या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून तुम्हाला कळतं की समोरच्याला इथलं माहीत आहे की तोही व्हिडिओच बघतो. आणि मग विनंती करायची, पुढच्या वेळी पेटी उघडाल तेव्हा मी येऊ का, सूट माझा मी आणतो. बहुतेक लोक हो म्हणतात, मोठे सुपर, म्हणजे पेटीवरचे मधाचे मजले, उचलायला हात मिळाला तर कुणाला नको असतो.

सूटबद्दल एवढंच की आफ्रिकनाइज्ड भागात अर्ध जॅकेट घेऊ नका, पूर्ण घ्या, हलक्या रंगाचा, घोटे आणि मनगट टेपने बंद, स्मोकर मोठा आणि इंधन दुप्पट. दुसऱ्याच्या चार पेट्या उघडताना बघा, किमान एक तापट असू दे त्यात, आणि तुम्हाला अजूनही हे करायचंय का ते मग ठरवा. दोघं जण आमच्याबरोबर असे आले आणि त्यांनी ठरवलं की नाही करायचं, त्यात काही कमीपणा नाही.

कुणीच गाठ पडलं नाही तर? मग अजून पेटी घेऊ नका, एक हंगाम थांबा. हे ऐकायला नको वाटतं हे मला माहिती आहे, मी स्वतः ऐकलं नव्हतं आणि पुढचं तुम्ही वर वाचलंच.

पायरी ५ – कायदा

चार ठिकाणी बघायचं. राज्याचं कृषी खातं, कौंटी, शहराची झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेत काय चालतं ते, आणि तुमची एचओए म्हणजे घरमालकांची सोसायटी असेल तर तिचे नियम, आणि शेवटचे बहुतेक वेळा सगळ्यात कडक. कॅलिफोर्नियात दरवर्षी जानेवारीत कौंटीच्या कृषी कमिशनरकडे पेट्यांची नोंद करायची असते, फ्लोरिडात राज्याच्या कृषी खात्याकडे नोंदणी सक्तीची आहे मग एकच पेटी का असेना. इतर राज्यांचं वेगवेगळं.

बऱ्याच राज्यांत एपिअरी इन्स्पेक्टर, म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या तपासणारा सरकारी माणूस, असतो, टेक्सासमध्ये टेक्सास एपिअरी इन्स्पेक्शन सर्व्हिस आहे. तुमच्या राज्याचा कोण ते एपिअरी इन्स्पेक्टर्स ऑफ अमेरिका या संघटनेच्या यादीत सापडेल. इन्स्पेक्टर म्हटलं की आपल्याला धाडच आठवते, पण हे लोक रोग बघायला येतात आणि शिकाऊ माणसाला दोन तासांत जे दाखवतात ते पुस्तकात मिळत नाही. नोंदणीचा अजून एक फायदा, शेजारच्या शेतात फवारणी होणार असेल तर काही ठिकाणी नोंदवलेल्या मधपाळाला आधी कळवलं जातं.

शेजाऱ्यांशी पण आधीच बोला. कुणाला ॲलर्जी आहे का, पाळीव जनावर बांधून ठेवतात का. बांधलेला कुत्रा, खुराड्यातल्या कोंबड्या, तबेल्यातला घोडा यांना पळता येत नाही, या माशीच्या हल्ल्यात सगळ्यात आधी तेच मरतात.

पायरी ६ – डॉक्टर, आणि हल्ला झाला तर

पेटी येण्याआधी डॉक्टरला सांगा की मी मधमाश्या पाळणार आहे. आधी कधी डंखानंतर अंगभर पित्त उठलं असेल, श्वास लागला असेल, चक्कर आली असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी करा, एपिनेफ्रिनचं ऑटो-इंजेक्टर, म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यात स्वतः टोचून घ्यायचं औषध, लिहून घ्या आणि विषाची इम्युनोथेरपी, म्हणजे थोडंथोडं विष देऊन ॲलर्जी कमी करणं, आपल्याला लागू आहे का तेही विचारा. डंखाच्या जागी सूज आणि खाज हे नॉर्मल आहे, ती ॲलर्जी नाही, हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो.

ॲलर्जी नसली तरी खूप डंख म्हणजे विषबाधा. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर पौंडामागे साधारण १० डंख सहन होतात असा ढोबळ हिशेब सांगतात, पण तो हिशेब मनात धरून घरी बसू नका, कारण डझनावारी डंख बसले तर स्नायू आणि किडनीवरचा परिणाम काही तासांनी दिसतो, माणूस आधी बरा वाटतो. लहान मुलं, म्हातारी माणसं, हृदयाचे पेशंट यांना त्याहून कमी पुरतात. श्वास लागला, घसा सुजला, उलट्या झाल्या तर सरळ ९११. नुसतं विचारायचं असेल तर पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू, अमेरिकेत कुठूनही, फुकट. फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

माश्या अंगावर आल्या की पळा. शर्ट वर ओढून तोंड झाका, नाक-डोळे वाचवा, आणि बंद घरात किंवा गाडीत शिरा, आत दहा-वीस माश्या तुमच्याबरोबर आल्या तरी चालेल, बाहेरच्या शेकड्यांपेक्षा बऱ्या. हात झाडू नका. पाण्यात उडी मारू नका, वर येण्याची वाट बघत त्या घिरट्या घालत बसतात. झुडपात लपणं पण फुकट. सुरक्षित जागी पोचल्यावर नांग्या लगेच काढा, नखाने काढा, कार्डाने काढा, कशानेही काढा पण पटकन, कारण सुटलेली नांगी विष सोडतच राहते. दुसऱ्या कुणावर हल्ला होताना दिसला तर मध्ये धावून जाऊ नका, ९११ ला फोन करा, फायर ब्रिगेडवाले फोम किंवा साबणाचं पाणी मारतात, साबणाने माशीचं अंग भिजतं आणि ती मरते.

पायरी ७ – ठिपक्याची राणी आणि वही

आता माझ्या चुकीकडे परत येतो. राणी घेताना ठिपका लावलेली घ्या, थोडे डॉलर जास्त लागतात पण द्या. रंग वर्षाप्रमाणे ठरलेले आहेत, वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २-७ पिवळा, ३-८ लाल, ४-९ हिरवा, ५-० निळा. इतर भागात हा ठिपका राणी पटकन सापडावी म्हणून असतो, आपल्याकडे तो राणी तीच आहे ना हे कळायला असतो. बिनठिपक्याची राणी दिसली म्हणजे इथल्या हवेत जुळलेली राणी, आणि एक राणी उडताना बारा-पंधरा नरांशी तरी जुळते, त्यात किती इथले असतील बघा.

दुसरा धोका म्हणजे आफ्रिकनाइज्ड माश्यांचे छोटे थवे कधीकधी सरळ तयार पेटीत घुसतात आणि आतली राणी मारून आपली बसवतात. हे टुसॉन भागात नीट अभ्यासलं गेलंय. पेटीच्या पुढच्या भिंतीवर मुठीएवढा माश्यांचा गोळा बसलेला दिसला तर लक्ष ठेवा.

पेटी लगेच बिघडत नाही, त्यामुळेच फसायला होतं. अंड्यापासून राणी निघायला १६ दिवस, जुळून अंडी घालायला लागायला अजून आठ-दहा दिवस, त्या अंड्यातून कामकरी निघायला साधारण २१, आणि त्या कामकऱ्या पहाऱ्यावर येईपर्यंत दोन-तीन आठवडे. म्हणजे राणी बदलल्यापासून दोनेक महिन्यांनी स्वभाव बदललेला कळतो. एप्रिल-मेमध्ये माझी गेली असणार आणि मला समजलं जुलैत. वहीत दर वेळी ठिपका दिसला का, अंडी दिसली का आणि किती माश्या मागे आल्या एवढं लिहिलं असतं तर जूनमध्येच शंका आली असती.

मागे येण्याचं एक साधं माप क्लबात शिकवलं, काम झाल्यावर शंभर पावलं चालत जा आणि माश्या अजून जाळीला धडकतायत का बघा. दोन वेळा लागोपाठ धडकल्या तर राणी बदलायची वेळ आली. हे शास्त्र नाही, क्लबातलं आहे, पण चालतं.

आणि तापट पेटीची राणी बदलणं एकट्याने करू नका. राणी शोधायची म्हणजे सगळ्या फ्रेम उघडाव्या लागतात, आफ्रिकनाइज्ड राणी फ्रेमवर धावत असते, आणि तिच्या माश्या बाहेरची युरोपियन राणी सहज स्वीकारत नाहीत. अनुभवी माणूस पेटीचे भाग करून, उडत्या माश्या दुसरीकडे वळवून मग शोधतो. कधीकधी पेटी वाचवता येत नाही आणि संध्याकाळी सगळ्या माश्या पेटीत परत आल्यावर साबणाच्या पाण्याने संपवावी लागते. शाळेजवळ, रस्त्याजवळ पेटी असेल तर तो निर्णय लांबवू नका.

पायरी ८ – रोगाबद्दल विचारायचं असेल तर

यावर लिहिणारे खूप आहेत म्हणून थोडक्यात. व्हॅरोआ कोळी अमेरिकेत १९८७ मध्ये सापडला आणि आजही पेट्या मरायचं मोठं कारण तोच. हनी बी हेल्थ कोअलिशनची व्हॅरोआवरची मार्गदर्शिका फुकट मिळते, ती डाउनलोड करून ठेवा. अर्धा कप माश्या म्हणजे साधारण ३०० घेऊन अल्कोहोलमध्ये धुवायच्या, शंभरामागे दोन-तीन कोळी निघाले की इलाज करायचा. धुताना त्यात राणी नाही ना बघा, ही चूक सगळे एकदा करतात. आफ्रिकनाइज्ड माश्या व्हॅरोआ जास्त सहन करतात हे खरंय, म्हणून काही लोक त्या मुद्दाम ठेवतात, पण पहिल्या वर्षी तो मोह नको.

अळ्या सडल्यासारख्या दिसल्या, वास आला तर इन्स्पेक्टरला फोन करा, आणि कृषी खात्याची मेरीलँडमधली बेल्ट्सव्हिलची लॅब पोस्टाने आलेले नमुने तपासत आलीय, पाठवण्याआधी सध्याची पद्धत त्यांच्या पानावर बघून घ्या.

पायरी ९ – भिंतीतल्या माश्या

हे मधपाळ नसलेले लोक जास्त विचारतात. ही माशी लहान जागेत पण घर करते, पाण्याच्या मीटरचा खड्डा, उलटी कुंडी, जुना टायर, ग्रिल, छताची फट. झाडावर नुसता लटकलेला थवा असेल तर तो बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत निघून जातो आणि त्याला राखायला घर नसल्याने शांत असतो, लोकांना लांब ठेवा. पोळं बांधलेलं असेल तर वेगळी गोष्ट, तिथे स्प्रेचा डबा घेऊन स्वतः जाऊ नका.

क्लबला फोन करा, त्यांच्याकडे माश्या काढणाऱ्यांची यादी असते. फोनवर विचारायचं की पोळं पण काढणार का, भोक बुजवणार का, विमा आहे का, आफ्रिकनाइज्ड भागात काम केलंय का. नुसत्या माश्या मारून पोळं भिंतीत ठेवलं तर उन्हाने मेण वितळून मध गळतो, मुंग्या येतात, मेणकिडा येतो, आणि पुढच्या वसंतात त्याच वासावर नवा थवा. इथे बरेच काढणारे माश्या जिवंत नेत नाहीत, स्वभावाची खात्री नसते म्हणून. वाईट वाटतं पण त्यांना दोष देऊ नका.

शेवटी, मदत मागताना कसं लिहायचं

माझ्या माश्या चावतात काय करू, असं लिहिलं तर उत्तर येणार नाही किंवा वीस येतील. एक्स्टेन्शनला, इन्स्पेक्टरला किंवा क्लबातल्या माणसाला मी हल्ली असं लिहितो:

"मी अमुक कौंटीत आहे. लँगस्ट्रॉथ पेटी, दोन मजले. राणी मार्चमध्ये विकत घेतलेली, ठिपका होता. ५ जूनला ठिपक्याची राणी दिसली नाही पण अंडी आहेत. मागच्या दोन वेळा माश्या शंभर पावलांपुढे आल्या. तपासणी सकाळी नऊला, वारा नव्हता, स्मोकर वापरला. व्हॅरोआ धुतला, ३०० मागे ४. शेजारी घर साठ फुटांवर आहे. राणी बदलावी असं मला वाटतं, पण एकट्याने करायची माझी तयारी नाही. कुणी येऊ शकेल का?"

अशा मेसेजला मला नेहमी दोन दिवसांत उत्तर मिळालंय, आणि दोनदा तर माणूसच दारात येऊन उभा राहिला, सूट घालून.